रिकाम्या चर्चची किल्ली

नॉर्वेच्या हालिंगदाल खोऱ्यात गोल नावाचं गाव आहे. १८८०च्या सुमारास या गावापुढे एक साधा व्यवहाराचा प्रश्न होता. नवं चर्च बांधायचं ठरलंय, मग जुन्याचं करायचं काय? जुनं चर्च लाकडी, आतून काळोखं, गावाला अपुरं पडणारं. त्याचं लाकूड बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तेराव्याच्या सुरुवातीला तोडलेलं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य मांडलं जात होतं त्या काळातलं. गावाला त्याचं अप्रूप नव्हतं. ते पाडलंच जायचं. पण जुन्या वास्तूंसाठी झटणारी एक संस्था मध्ये पडली, स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याने भार उचलला, आणि १८८४-८५मध्ये चर्चचे खांब-तुळया सोडवून राजधानीजवळ बिग्दॉय इथे राजाच्या जागेत पुन्हा उभ्या केल्या. आज ते ऑस्लोच्या नॉर्स्क फोल्केम्युझियमच्या आवारात आहे. तिकीट काढायचं आणि बघायचं.

गोष्ट इथे संपत नाही. १९९०च्या दशकात गोलमध्ये त्या चर्चची एक नक्कल उभी राहिली. पणजोबांनी नको म्हणून सोडलेली वस्तू पणतवंडांना हवीशी झाली, तोवर ती राजधानीची झाली होती. परत मागायची सोय नव्हती, म्हणून नवी घडवली. (अशी नक्कल अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या मिनो शहरातही आहे, आणि फ्लोरिडात डिस्नीच्या एपकॉट उद्यानातही तिचंच एक भावंड आहे. मूळ चर्च मात्र गावापासून दूर.)

ही गोष्ट कळली तेव्हा आधी हसू आलं. मग आजोळच्या देवळाचा लाकडी सभामंडप आठवला आणि हसू ओसरलं. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी प्रश्न नीट मांडतो, कारण युरोपातल्या अनेक गावांत तो आज दारात उभा आहे आणि आपल्याकडेही वेगळ्या वेशात आलेलाच आहे. गावाचं जुनं प्रार्थनास्थळ प्रार्थनेला नकोसं झालं, तर त्याचं संग्रहालय करावं का? केलं तर कुणी करावं, कुठे, आणि किल्ली कुणाकडे राहावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. संग्रहालय करावं. पण ते गावातच, आणि किल्ली गावातल्या माणसाकडे ठेवून. संग्रहालयाचं वस्तू जपण्याचं काम दुय्यम. गावाला ज्या दोन-तीन पिढ्या ती वस्तू नकोशी असते, तेवढा काळ ती सांभाळायची आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, हे पहिलं. सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीत आणि भावाकडे कसायला दिलेल्या जमिनीत जो फरक असतो, तोच इथे आहे.

नॉर्वेतली ही चर्चं 'स्टाव्ह' चर्च म्हणून ओळखली जातात. स्टाव्ह म्हणजे उभा खांब. दगडी पायावर आडव्या तुळया, त्यांत उभे खांब कुसवलेले (म्हणजे खांबाचं निमुळतं टोक, कूस, खाचेत बसवलेलं), खांबांच्या मध्ये उभ्या फळ्या. यापूर्वीच्या काळात खांब थेट जमिनीत पुरत, ते बुडाशी कुजत. खांब जमिनीवरून उचलून तुळईवर ठेवला आणि इमारतीचं आयुष्य काही दशकांवरून काही शतकांवर गेलं. किती साधी युक्ती! मध्ययुगात अशी चर्चं हजारावर होती असं मानतात. नॉर्वेत आज उरली २८.

बाकीची गेली कुठे? काही आगीत, काही कुजून, आणि एकोणिसाव्या शतकात पुष्कळशी कायद्याच्या धाकाने. १८५१च्या चर्च-कायद्याने ठरवलं की चर्चमध्ये त्या परिसरातल्या लोकसंख्येपैकी निदान तीन-दशांश लोक मावले पाहिजेत. हेतू वाईट म्हणता येणार नाही. लोकसंख्या वाढत होती, लोक दाटीवाटीने बसत होते. पण मध्ययुगीन चर्च मुळात उभ्याने प्रार्थना करणाऱ्यांसाठी बांधलेली छोटी वास्तू. बाकं तिथे आली धर्मसुधारणेनंतर, म्हणजे सोळाव्या शतकात नॉर्वे प्रोटेस्टंट झाल्यावर. मोजपट्टी लावल्यावर ती नापास होणार हे ठरलेलंच होतं. कायद्याने 'पाडा' असं कुठे म्हटलं नव्हतं. 'मावले पाहिजेत' एवढंच म्हटलं होतं. पुढचं काम गावांनी आपण होऊन केलं.

इथे आपल्याला आवडणारं एक मिथक मोडतं. परंपरा म्हणजे गाव, आणि गावाला परंपरेची जाण; तिचा नाश करतो तो बाहेरचा, सरकार, बिल्डर, साहेब. लाकडी चर्चांचा इतिहास याला साक्ष देत नाही. पाडणारे बहुतेक गावकरीच होते, आणि वाचवायला धावले ते शहरातले चित्रकार, राजे, वास्तुतज्ज्ञ, आणि एक दंतवैद्यसुद्धा.

चित्रकार म्हणजे योहान ख्रिस्टियन डाल. मूळचा नॉर्वेचा, ड्रेस्डेनला स्थायिक. १८४१मध्ये वाल्ड्रेसमधल्या वांग गावचं चर्च लिलावात निघालं तेव्हा ते त्यानेच घेतलं. नॉर्वेतच कुठेतरी ते उभं राहावं अशी त्याची धडपड होती. ते जमलं नाही. शेवटी प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याने ते विकत घेतलं. चर्चचे भाग सोडवून जहाजाने निघाले आणि सायलेशियाच्या डोंगरात पुन्हा उभे राहिले. १८४४मध्ये तिथे उपासना सुरू झाली. आज ती जागा पोलंडमध्ये आहे, कार्पाच गावात, आणि चर्च अजूनही लुथरन या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी वापरतात. दंतवैद्य म्हणजे लिलेहामरचे अँडर्स सँडविग. गार्मो गावचं चर्च १८८०मध्ये पाडलं गेलं आणि त्याचं लाकूड विकलं गेलं. सँडविगांनी ते भाग पुन्हा मिळवले आणि १९२०-२१च्या सुमारास त्यातून चर्च परत उभं केलं, माइहाउगेनच्या खुल्या संग्रहालयात. चाळीस वर्षांनी. कुणाच्या तरी गोठ्यात, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं चर्च गोळा करणारा दंतवैद्य! आपल्याकडे असा एखादा डॉक्टर तालुक्यातालुक्याला निघाला असता, तर वाड्यांच्या तुळया आज रिसॉर्टच्या स्वागतकक्षात दिसल्या नसत्या.

तेव्हा बाहेरच्यांना नावं ठेवताना जरा जपून. गोलचं चर्च राजाने नेलं नसतं तर ते कुणाच्या तरी चुलीत गेलं असतं, हे मला मान्य आहे. पण वाचवणाऱ्यांनी वाचवताना काय केलं, तेही बघायला हवं.

बोर्गुंडचं उदाहरण घ्या. लेर्दालच्या खोऱ्यातलं हे चर्च स्टाव्ह चर्चांमध्ये सगळ्यांत जास्त छायाचित्रं निघणारं. लाकूड ११८०च्या आसपासचं. एकावर एक छपरं, टोकांवर ड्रॅगनची डोकी, लाकडाचे माशाच्या खवल्यांसारखे तुकडे पांघरलेले, सगळं डांबराने काळंभोर. गावाने १८६८मध्ये शेजारीच नवं चर्च बांधलं आणि जुनं पाडलं नाही. ही गोष्ट मी गोलच्या गावकऱ्यांपुढे ठेवीन, आणि आपल्या जीर्णोद्धार समित्यांपुढेही: शेजारी बांधा! १८७७मध्ये जुनं चर्च प्राचीन वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, फोर्टिड्समिन्नेफोरेनिंगेनने, विकत घेतलं. १८४४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांत तोच डाल होता. आज तिच्याकडे अशी आठ चर्चं आहेत. बोर्गुंडला आता नियमित उपासना होत नाही. ते संग्रहालय आहे, जागच्या जागी.

पण मध्ययुग परत आणण्याच्या हौसेत जीर्णोद्धार करणाऱ्यांनी नंतरच्या काळात बसवलेली बाकं, सज्जे, खिडक्या काढून टाकल्या. धर्मसुधारणेपासून नवं चर्च होईपर्यंत सुमारे तीनशे वर्षं गावाने त्या बाकांवर बसून लग्नं लावली, बारसी केली, मयतं पोहोचवली. कुठल्या घराण्याचं बाक कोणतं, हे गावाला पाठ असणार. आपल्याकडे पालखीपुढे कुणाचा मान पहिला हे जसं असतं. ते सगळं 'मूळचं नाही' म्हणून गेलं. सोळाव्या शतकातला धर्मोपदेशकाचा मंच आणि सतराव्या शतकातली वेदी राहिली, एवढंच. आज आत शिरणाऱ्याला रिकामं, काळोखं, गूढ मध्ययुग दिसतं आणि तो भारावतो. हे मध्ययुग काही अंशी एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे, हे त्याला कुणी सांगितलं तरी त्या काळोखात ते मनावर ठसत नाही. गोलच्या बाबतीत तर बिग्दॉयला उभं करताना बाहेरचा बराच भाग नव्याने, बोर्गुंडच्या नमुन्यावरून केला गेला. आतला सांगाडा जुना, अंगरखा शेजारच्याकडून उसना.

म्हणून संग्रहालयाबद्दल माझी पहिली तक्रार ही: ते एक शतक निवडतं आणि बाकीची पुसतं. गाव असं करत नाही. गाव सगळी शतकं एकावर एक रचत जातं, जरा गबाळेपणाने का होईना. बोर्गुंडच्या भिंतीवर रूनिक या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेला एक मजकूर आहे. थोरिर नावाच्या कुणा वाटसरूने सेंट ओलाफच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी तो कोरला. नियती विणणाऱ्या देवतांनी बरंही केलं आणि वाईटही, माझ्या वाट्याला फार कष्ट दिले, अशी त्यात कुरकुर आहे. ख्रिस्ती चर्चच्या भिंतीवर ख्रिस्ती सणाच्या तोंडावर जुन्या देवतांविषयी तक्रार! ती आज अमूल्य ठेवा. आणि १८३०मध्ये कुणा पोराने बाकावर चाकूने आपलं नाव कोरलं असेल, तर तो कचरा. हा निवाडा कुणी केला, कुठल्या अधिकाराने?

दुसरी गोष्ट डांबराची. हे रस्त्यावरचं डांबर नव्हे. पाइनची राळेने भरलेली मुळं आणि बुंधे रचून, वरून मातीने झाकून, हवा कोंडून मंद आचेवर दिवसेंदिवस तापवायचे, म्हणजे तळाशी काळा दाट अर्क गळतो. तो गरम करून लाकडावर चढवायचा. उन्हाची बाजू लवकर सुकते, सावलीची उशिरा. काही वर्षांनी पुन्हा चढवायचा. आठशे वर्षं चर्च उभं आहे म्हणजे आठशे वर्षं कुणीतरी शिडीवर चढून हे काम केलं आहे. लाकडी इमारत ही वस्तू म्हणून टिकतच नाही, ती एखाद्या कामासारखी टिकते. दगडी देऊळ दोनशे वर्षं दुर्लक्षून पुन्हा सापडू शकतं. लाकडाला वीस वर्षंसुद्धा सवड नसते. एक फळी सरकली, पाणी आत शिरलं, तुळई बसली.

हे नॉर्वेने ओळखलं. २००१ ते २०१५ या काळात तिथल्या राष्ट्रीय वारसा संचालनालयाने २८ चर्चांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम चालवला. त्यातली माझ्या मते मोलाची बाब इमारती सावरल्या ही नाही. पाइनचं डांबर जुन्या रीतीने कसं करायचं, कुऱ्हाडीने फळी कशी तासायची, हे हातांना पुन्हा शिकवावं लागलं, ही आहे. चर्च तर उभंच होतं. सुतार दुर्मीळ झाला होता. रशियाच्या कारेलिया प्रांतात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरही हेच घडलं. तिथलं 'रूपांतर' चर्च (येशूच्या तेजस्वी रूपांतराच्या प्रसंगावरून हे नाव) १७१४चं, २२ घुमटांचं, ३७ मीटर उंच, सगळं ओंडक्यांचं. घुमटांवर अस्पेन लाकडाच्या हजारो खवल्या, पावसापाण्याने रुपेरी झालेल्या. सोव्हिएत काळात उपासना बंद पडली, वास्तू राज्याची झाली, १९६६मध्ये बेटावर संग्रहालय स्थापन झालं. १९८०च्या सुमारास चर्च कलू लागलं म्हणून आत लोखंडी सांगाडा घातला, आणि मग कितीतरी वर्षं ते तसंच टांगलेलं राहिलं. शेवटी कारागिरांनी वरचे थर जागच्या जागी उचलून धरून खालचे एकेक थर सोडवले, प्रत्येक ओंडका तपासला, कुजका भाग कापून तिथे नवं लाकूड सांधलं आणि परत बसवला. २०२०मध्ये काम संपलं. त्यासाठी तिथे सुतारांची एक पिढीच तयार करावी लागली.

किझीचं संग्रहालय दडपशाहीतून जन्मलं, हे विसरून चालणार नाही. श्रद्धाळूंच्या हातून प्रार्थनास्थळ काढून घेऊन त्याचं 'प्रदर्शन' करणं हा तिथे धोरणाचा भाग होता. म्हणूनच पूर्व युरोपातल्या श्रद्धाळूंना 'चर्चचं संग्रहालय' हे शब्द ऐकले की अंगावर काटा येतो, आणि तो येणारच. तरी एक अवघड सत्य उरतं: बेटावरचं हे चर्च उभं राहिलं ते संग्रहालय असल्यामुळे. शेजारच्या छोट्या पोक्रोव चर्चमध्ये १९९४पासून पुन्हा उपासना होते. संग्रहालयही आहे, घंटाही वाजते. दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा तो पुरावा. उलट त्याच कारेलियातलं कोंडोपोगाचं १७७४चं चर्च, ४२ मीटर उंचीचं, १० ऑगस्ट २०१८ला एका अल्पवयीन मुलाने लावलेल्या आगीत जळून गेलं. लाकडाला राखणदार लागतो. नुसत्या भक्तीने आग विझत नाही, आणि नुसत्या 'वारसा' असा शिक्का मारलेल्या पाटीनेही.

राखणदार म्हटलं की लगेच पैशाचा मुद्दा येतो. संग्रहालय केलं तर तिकीट आलं, पर्यटक आले, बस उभ्या करायला जागा आली, चहाची टपरी आली. गावाला उत्पन्न मिळेल, असं समर्थक म्हणतात. मला हे समर्थन कच्चं वाटतं. बोर्गुंडसारखी दोन-चार ठिकाणं तिकिटावर काही अंशी तगतील. डोंगराआड दडलेलं साधं, नक्षी नसलेलं, रस्त्यापासून दूर असलेलं चर्च कधीच तगणार नाही. आणि तगायलाच हवं असेल तर ते हळूहळू तिकिटाच्या चवीचं होत जाईल: थोडं जास्त गूढ, थोडं जास्त व्हायकिंग. गावची स्मशानभूमी, शाळा, वाचनालय तिकिटावर चालत नाहीत. चर्चचं संग्रहालय त्याच रांगेत बसवायला हवं. सार्वजनिक खर्च म्हणून, उघडपणे, नफ्यातोट्याचा आव न आणता.

आता उलटं उदाहरण, जिथे कुणी काहीच केलं नाही आणि भलं झालं. फिनलंडमधलं पेतायावेसीचं लाकडी चर्च १७६३ ते १७६५ या काळात याको क्लेमेटिनपोइका लेप्पानेन या सुताराने गावकऱ्यांना हाताशी धरून बांधलं. १८२१मध्ये त्याच्याच नातवाने, एर्की लेप्पानेनने, घंटेचा मनोरा जोडला. १८७९मध्ये गावाने पाण्यापलीकडे नवं चर्च बांधलं आणि जुन्याकडे पाठ फिरवली. पाडलं नाही, रंगवलं नाही, सुधारलं नाही. म्हणून ते तसंच राहिलं. १९२०च्या दशकात एका ऑस्ट्रियन कला-इतिहासकाराचं लक्ष तिकडे गेलं, मग दुरुस्ती सुरू झाली, आणि १९९४मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. धर्मोपदेशकाचा मंच खांद्यावर पेलणारा सेंट ख्रिस्तोफरचा एक ओबडधोबड लाकडी पुतळा आत आहे, गावच्या सुताराचंच काम वाटावं असा. हिवाळ्यात ऊब देण्याची सोय नाही. उन्हाळ्यात तिथे उपासना होते, लग्नं लागतात. बाकी वेळ पाहणारे येतात. ते संग्रहालय आहे की चर्च? हा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारत नसावं, आणि मला वाटतं, त्यातच त्याचं उत्तर आहे.

पण सुखरूप दुर्लक्षावर भरवसा ठेवून चालत नाही. पेतायावेसीच्या नशिबी ते आलं. शेकडो चर्चांच्या नशिबी त्याच दुर्लक्षाने पडझड आली.

मला सगळ्यांत पटणारी व्यवस्था युरोपात नाहीच. ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे आहे, चिलीच्या चिलोए द्वीपसमूहात. सतराव्या-अठराव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री होडीने बेटाबेटावर वर्षातून एकदा फेरी मारत. उरलेलं वर्ष चर्च सांभाळायचं कुणी? म्हणून गावातल्याच एका माणसाला नेमलं जाई, 'फिस्काल' म्हणून. तो प्रार्थना म्हणवून घेई, मुलांना धर्म शिकवी, चर्चची देखरेख करी. १७६७मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, फ्रान्सिस्कन हा दुसरा कॅथलिक संघ आला, स्पेनचं राज्य गेलं, चिली देश झाला; फिस्काल मात्र राहिला. आपल्या गुरवाची आठवण होते, पण गुरव वंशपरंपरेचा, फिस्काल नेमलेला. चर्च बांधायचं, शाकारायचं ते 'मिंगा' करून: सगळे गावकरी जमायचे, एकमेकांना हात द्यायचे, मोबदला जेवणाचा. इर्जिक म्हटलं की कुठल्याही मराठी शेतकऱ्याला हे समजेल. चिलोएची १६ लाकडी चर्चं आज जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या छपरा-भिंतींवर आलेर्से झाडाच्या फळ्यांचे तुकडे असत. १९७६पासून जिवंत आलेर्से तोडायला बंदी आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी जुनंच लाकूड शोधावं लागतं. चर्च वाचवायचं तर जंगलही वाचवायला हवं, हा त्यातला पुढचा धागा.

आणि संग्रहालय? ते आहे, आंकुद शहरात, एका जुन्या मठात. तिथे चर्चांच्या लाकडी प्रतिकृती आहेत, आणि दुरुस्तीत काढलेले जुने अवयव: खुंट्यांनी जोडलेले सांधे, झिजलेली कुसं, कीड लागलेले तुकडे. मला हा विचार फार आवडतो. चर्च गावात, प्रार्थनेसह. निकामी झालेलं लाकूड संग्रहालयात. उद्याच्या सुताराने यावं आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या सुताराचा सांधा हात लावून वाचावा.

हे नमुने जसेच्या तसे उचलता येत नाहीत, कारण गावं वेगळी, धर्म वेगळे, पैसा वेगळा. ड्रोहोबिच हे युक्रेनमधलं मिठागरांचं गाव. तिथलं सेंट युराचं लाकडी चर्च सतराव्या शतकात दुसऱ्या गावाहून आणलं, मिठाच्या बदल्यात, अशी परंपरा सांगते. आज तेच चर्च ड्रोहोबिचचा मानबिंदू आणि संग्रहालय आहे. म्हणजे हलवलं की वाटोळंच होतं, असंही नाही. वांगचं चर्च पोलंडमध्ये निदान नांदतं तरी आहे. गोलचं बिग्दॉयला नुसतं दिसतं. मी दोहोंतून निवड करायची झाली, तर देश ओलांडून गेलेलं पण घंटा वाजणारं चर्च पसंत करीन. काहींना हे देशद्रोहासारखं वाटेल; वाटो.

आता आजोळच्या देवळाविषयी. रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं गाव, ग्रामदेवतेचं देऊळ, पुढे लाकडी सभामंडप. सागाचे खांब, त्यांवर कोरलेल्या कणी, वर तुळया आणि कौलं. शिमग्याला पालखी तिथे नाचायची आणि खांबांना हात लावून आम्ही पोरं गरगर फिरायचो. मग जीर्णोद्धार ठरला. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढली. मी कुणाला खलनायक ठरवत नाही, कारण मुद्दे खरे होते. कौलं गळत होती. दोन खांबांना वाळवी लागली होती. सागाचा भाव विचारायची सोय नाही. आणि मुख्य म्हणजे शिमग्याला गर्दी मावत नव्हती. नॉर्वेच्या १८५१च्या कायद्याची मी वर टिंगल केली, पण हा मुद्दा तंतोतंत तोच. कायदा नव्हता, तरी मोजपट्टी तीच होती.

मी सभेत म्हटलं होतं, शेजारी मोठा मंडप बांधू, जुना राहू द्या, त्यात गावातल्या जुन्या वस्तू ठेवू, फोटो लावू. एका काकांनी शांतपणे विचारलं, "आणि देवाने कुठल्या मंडपाकडे तोंड करून बसायचं?" सगळे हसले. मलाही उत्तर सुचलं नाही. मागे वळून बघता वाटतं, प्रश्न थट्टेचा नव्हताच. देव हलत नाही, आणि मंडप देवापुढेच असावा लागतो; बोर्गुंडला वेदी नव्या चर्चमध्ये नवी मांडता आली, आपल्याकडे मूर्ती जागची उठवणं म्हणजे मोठा विधी, मोठा वाद. तेव्हा 'शेजारी बांधा' हा माझा आवडता उपाय इथे सरसकट चालणार नाही, हे मला कबूल करावं लागतं. चालला असता तो दुसरा उपाय: दोन खांब बदलायचे, बाकीचे दहा ठेवायचे, कौलांखाली नव्याने पत्रा टाकायचा, आणि गर्दीच्या चार दिवसांपुरता पुढे मांडव घालायचा. मांडव तर आपण शतकानुशतकं घालत आलो आहोत. पण स्लॅबची वर्गणी चटकन जमते. दुरुस्तीला कुणी वर्गणी देत नाही, कारण दुरुस्तीवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसत नाही.

मंडप पाडला. नवा स्वच्छ, पांढरा, प्रशस्त आहे. ग्रॅनाइटवर पाय थंड पडतात, आणि भजनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. जुने खांब देवळामागे पत्र्याच्या शेडखाली आडवे पडलेत, त्यांच्यावर मंडप डेकोरेशनच्या खुर्च्या रचलेल्या. मागच्या मे महिन्यात गावातल्या म्हाताऱ्या सुतारतात्यांना मी तिथे घेऊन गेलो. त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या, एका खांबाच्या कुसावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा वायव्येकडचा असावा. का नैऋत्येकडचा? दोन्हींची कुसं सारखीच." मग दुसऱ्याकडे वळले, तिसऱ्याकडे. किझीला ओंडका सोडवण्याआधी त्यावर क्रमांक घालतात, हे मी त्यांना सांगितलं. "घालायचेच असतात," ते म्हणाले. "मी काढायला असतो तर कोळशाने घातले असते. मला बोलावलंच नाही. जेसीबी आला होता."